जुळवणीवाली मॅडम

माझ्या वरच्या खोलीत आजवर पुष्कळ भाडेकरू राहून गेले. बहुतेकांची नावं आता आठवत नाहीत, आणि आठवावीत असं त्यांनी काही केलंही नव्हतं. ही एक आठवते. कारण हिनं मला माझ्याच गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सांगितलं होतं, "मावशी, आता हलायचं नाय. आज तुम्ही भिंत आहात."

मी बसले. सत्तरी गाठली होती, दिवसभर उभं राहून गुडघे बोलायला लागले होते. कुणी बसायला सांगितलं तर भिंत व्हायला माझी हरकत नव्हती.

ती इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवायची. सगळी गल्ली तिला मॅडम म्हणायची. मीही मॅडमच म्हणायचे, पण अगंतुगं करून. माहेर करमाडचं, वय पन्नाशीकडं झुकलेलं, लग्न केलेलं नाही. खोली बघायला आली तेव्हा बायका स्वयंपाकाचा ओटा बघतात, पाणी विचारतात. आमच्या हर्सूलला पाणी विचारल्याशिवाय कुणी घर घेत नाही, कारण नळ आला तर आला. हिनं ओटा बघितलाच नाही. थेट गच्चीवर गेली, टाकीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "प्लास्टिकची आहे. बरं झालं." मग कपडे वाळत घालायच्या तारेकडं बघून म्हणाली, "ही काढावी लागंल. तिथं नायलॉनची दोरी बांधून देते मी."

"का गं? तार काय चावते का?"

"चावत नाय मावशी. मधे मधे बोलते."

मी तार काढू दिली. भाडं वेळेवर देईल असं तोंडावरून वाटलं, म्हणून. दिलंही तिनं वेळेवर.

खोलीत तिनं लोखंडाचं काही ठेवलं नाही, धातू जवळ असला की मोजमाप बिघडतं म्हणे. पुस्तकांचं कपाट पुठ्ठ्याच्या खोक्यांचं, सुतळीनं बांधलेलं. पलंग लाकडी. गच्चीवर एक लाकडी स्टूल, त्यावर पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पट्टी उभी केलेली. पट्टीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत तांब्याच्या दोन वाकड्या रेघा. त्या दोन रेघा म्हणजे अँटेना. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक स्टूल, त्यावर ऐकणारं यंत्र. मधे ती, हातात खिशात मावेल एवढं मशीन घेऊन. आणि कधीकधी मी, भिंत म्हणून. माणूस जवळ असला की त्या दोन रेघा कशा वागतात हे तिला बघायचं असायचं.

पहिल्या दिवशी म्हणाली, "पाटल्या काढून बसा."

"त्या निघत नाहीत. माझ्या सासूनं घातल्यात, आता जाळतानाच निघतील."

तिनं थोडा विचार केला. "मग दर वेळी घालूनच बसत जा. आज आहेत, उद्या नाहीत असं नको."

माझ्या पाटल्यांबद्दल एवढा साधा विचार घरातल्या कुणी केला नव्हता.

तिचं काम काय, हे मी तिला एकदा सरळ विचारलं. मी चौथी शिकलेली. पण घरात काय चाललंय ते घरमालकिणीला कळायला पाहिजे. तिनं नीट सांगितलं. हल्ली फोनमध्ये, घरोघरी भिंतीला लावलेल्या इंटरनेटच्या डब्यांत एक अँटेना पुरत नाही. दोन लागतात, चार लागतात, म्हणजे एकाच वेळी जास्त बोलणं जातं. पण डबा एवढासा. त्यामुळं त्या एकमेकींना चिकटून बसतात. तारेतून शक्ती येते ती अँटेनेनं घ्यायची आणि हवेत सोडायची. नीट जुळलं नाही तर ती शक्ती आल्या वाटेनं परत फेकली जाते. म्हणून तार आणि अँटेना यांच्यामधे तांदळाच्या कणीएवढ्या कॉइल आणि कपॅसिटर लावून जुळवणी करायची.

"मग लाव की. त्यात काय एवढं?"

"एकटीला जुळवणं सोपं आहे मावशी. ही एकटी जुळवली, बरोबर. ती एकटी जुळवली, बरोबर. शेजारी ठेवल्या की दोन्ही बिघडतात. हिला दिलेलं तिच्या अंगात शिरतं."

"सुनांसारखं."

"नाय नाय. सुना भांडतात. या भांडत नाहीत. मुकाट्यानं एकमेकीचं पितात."

मला दोन सुना आहेत.

शेजारी ठेवल्या की दोन्ही बिघडतात, हे तिचं नेहमीचं बोलणं, ते ती कुठंही लागू करायची. आमच्या घरी बायकांची भिशी होती. मी तिला खाली बोलावलं, चहा घे म्हटलं. समोरच्या घरातल्या दोघी जावा गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, दोघी एकदम बोलत होत्या, नेहमीसारख्या. मॅडमनं चहा घेतला, बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं आणि उठून एकीची खुर्ची उचलून दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवली. "इथं बसा. मग दोघींचंही ऐकू येईल." जावांना राग आला. थोरली म्हणाली, "आम्हाला तोडायला आली व्हय गं तू?" त्यांना राग का आला, तेच मॅडमला कळेना. तिनं चांगल्या मनानं केलं होतं. पुढं कित्येक महिने त्या दोघी तिच्याशी बोलत नव्हत्या, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसरं बोलणं, "परत किती?" कुणी कसलंही काम झाल्याचं सांगितलं की ती विचारायची, परत किती आलं. परत काही आलं नाही म्हणजे सगळं आत गेलं, काम चोख. मशीनच्या पडद्यावर एक रेघ दिसायची, तिला मधे खड्डा. खड्डा जेवढा खोल तेवढं परत कमी. एका सकाळी ती जिन्यावरून ओरडत खाली आली, "मावशी, खड्डा बघा, खड्डा!"

"गल्लीत इतके आहेत, ते बघून कधी नाचली नाहीस."

याच हिशेबानं ती वाट्या परत करायची. मी येसराची आमटी केली, मेथी केली की वर एक वाटी पाठवत असे. वाटी घासून, पुसून, लखलखीत रिकामी यायची. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. चार शेंगदाणे घाल, चिमूटभर साखर घाल, पण घाल. मी एकदा बोललेच, "करमाडला एवढंही शिकवलं नाय का तुला?" ती म्हणाली, "मावशी, आमच्यात परत काहीच न येणं सगळ्यात चांगलं." मी तिला आमटी पाठवणं काही बंद केलं नाही, पण वाटी लहान केली. वाटी शेवटपर्यंत रिकामीच येत राहिली.

पाण्याचं एक तिला लागायचं. टाकी भरलेली असली की मोजमाप वेगळं, रिकामी असली की वेगळं; पाणी अँटेनेच्या लहरी पितं म्हणे. म्हणून टाकी काठोकाठ भरलेली असेल तेव्हाच ती मोजायची. नळाला पाणी आलं की गल्लीतल्या बायका हंडे, पाइप घेऊन पळायच्या आणि मॅडम कॉलेज टाकून मशीन घेऊन पळायची. "मावशी, टाकी भरली का हो?" हे मी इतक्या वेळा ऐकलं, की तिचा फोन आला की आजही मी आधी सांगते, भरली. आता ती हैदराबादला असते. मी फोन उचलते. कधी नाही उचलत.

हे सगळं ती मौजेसाठी करत नव्हती. कॉलेजात नवीन नियम आला होता. ज्यांच्याकडं डॉक्टरकी, म्हणजे पीएचडी, नाही त्यांना जूननंतर ठेवणार नाहीत. ती तिथं लागली तेव्हा कुणी डॉक्टरकी विचारत नव्हतं. आता या वयात, नोकरी सांभाळून, ती हे करत होती. दुसरं घर नाही, दुसरा धंदा नाही, करमाडला म्हातारी आई तिच्याच भरवशावर. ती नोकरी गेली तर तिच्याकडं काही राहत नव्हतं. आणि तो खोल खड्डा मिळाला तेव्हा ती नोकरी वाचल्यासारखीच होती. त्यावर तिचा लेखही छापून आला. तिचे मार्गदर्शक सर पेढे घेऊन घरी आले. मलाही दोन दिले. सर सज्जन होते, साखर चालत नाही म्हणून स्वतः एकही खाल्ला नाही. ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी, पुढं ते निवृत्त होणार होते.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या उन्हात मी गच्चीवर भिंत होऊन बसले होते. प्रबंध लिहून झाला होता, महिनाअखेर द्यायचा होता. ती उगीच एकदा जास्त शक्ती सोडून बघत होती, शेवटचं म्हणून. मग तिनं मशीन बंद केलं, पट्टी हातात घेतली आणि थबकली.

"मावशी, बोट लावा बरं इथं."

मी लावलं.

"गरम लागतंय का?"

"काही नाही लागत." माझ्या बोटांना तव्याची सवय. निखाऱ्याशिवाय मला काही गरम लागत नाही.

तिनं पट्टी उचलली आणि त्या कणीएवढ्या कॉइलला वरचा ओठ लावला. मला वाटलं मुका घेतेय. मी म्हटलं, "आता हेच राहिलं होतं." ती हसली नाही. तशीच ओठ लावून उभी राहिली. मग खाली बसली, फरशीवरच.

त्या दिवशी ती कॉलेजात गेली नाही. संध्याकाळपर्यंत एकच करत राहिली. जुळवणी केलेली पट्टी स्टुलावर ठेवायची, दुसऱ्या टोकाला किती पोचलं ते बघायचं. मग काहीच जुळवणी न केलेली, तिनं टाकून दिलेली पट्टी ठेवायची आणि तसंच बघायचं. उन्हं उतरल्यावर मी चहा घेऊन वर गेले तर म्हणाली, "मावशी, जुळवलेली कमी सोडते."

"म्हणजे?"

"परत काही येत नव्हतं, ते खरं. पण बाहेरही जात नव्हतं. मधेच कॉइलमध्ये जिरत होतं. गरम होऊन. मी फक्त परत किती येतं ते बघत बसले. बाहेर किती जातं ते मोजलंच नाय."

"ऐकणारं यंत्र होतं की तिकडं."

"होतं. माणूस आला, गेला की किती फरक पडतो, तेवढंच त्याच्यावर बघत होते. मुळात किती, ते नाय बघितलं."

तिनं चहा घेतला. निवांतपणे घेतला. रडली वगैरे नाही. मला रडणाऱ्या बायकांशी बोलता येत नाही, म्हणून मला बरं वाटलं.

दोन-चार दिवसांत सर आले. मी गच्चीवर वाल सोलत होते. ते स्टुलावर बसणार, तर तिनं त्यांना दुसरीकडं बसवलं.

सर म्हणाले, "मॅडम, आलेख उत्तम आहे. परत काही येत नाही. जुळवणी म्हणजे हेच. पुस्तकातही हेच आहे."

"सर, बाहेर जात नाहीये."

"बाहेर किती जातं, याबद्दल आपण प्रबंधात एक शब्दही लिहिलेला नाही."

"लिहिलेला नाही. पण वाचणारा तेच समजणार."

"समजू दे. आपण खोटं कुठं लिहिलंय? जे मोजलं ते लिहिलंय."

"मी अँटेना जुळवल्या नाहीत सर. कॉइल तापवली."

सर हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा करायचं म्हटलं तर दोन वर्षं जातील. जूनच्या आत पदवी नसली तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. मी स्वतःच नसेन तिथं."

"माहीत आहे सर."

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर बरोबर बोलतायत. आत्ता देऊन टाक. नोकरी टिकव, मग मागून काय सुधारायचं ते सुधार. कोण ओठ लावून बघायला येतंय?"

ती माझ्याकडं वळली. "मावशी, आज तुम्ही भिंत आहात."

सरांना काही कळलं नाही. मी वाल सोलायला लागले.

माझं मत आजही तेच आहे. आधी नोकरी, मग बाकीचं. पण मला कुणी विचारत नव्हतं, आणि नोकरी तिची होती.

तिनं प्रबंध दिला नाही. वर आणखी एक केलं, छापून आलेला लेखही कळवून मागं घेतला. सर त्यानंतर बरेच दिवस आले नाहीत. त्या लेखावर त्यांचंही नाव होतं. जूनमध्ये कॉलेजनं तिला सोडलं. शेवटच्या दिवशी ती रोजच्याच वेळेला आली, जिन्याखाली चप्पल काढली आणि विचारलं, "टाकी भरली का?"

मग शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागली. तेच इंटरनेटचे डबे बनवायचे ते लोक. तिचं काम पट्ट्या तपासायचं. मॅडमची तिथं ताई झाली. सकाळी जालना रोडची बस धरायची, अंधार पडायच्या आत घरी. रविवारी करमाडला आईकडं, नाहीतर गच्चीवर. मला बोलवावं लागायचं नाही. रविवारी ती वर दिसली की मी पाटल्यांसकट जाऊन बसायचे. आता तिनं ऐकणाऱ्या यंत्राकडं तोंड केलेलं असायचं. खड्ड्याचं नाव काढत नव्हती.

दीड-दोन वर्षं गेली असतील. एका रविवारी सहज सांगावं तसं म्हणाली, "मावशी, पुरं जुळवायचा हट्ट सोडला. थोडं परत येऊ द्यायचं. मग कॉइल बारकी पुरते, ती खात नाय, अन् बाहेर जास्त जातं. आधी सुईच्या टोकाएवढ्या जागेवर जुळायचं, जरा इकडंतिकडं झालं की खलास. आता ऐसपैस जुळतं."

"म्हणजे अर्धवट काम चांगलं."

"दोघी इतक्या जवळ असल्या तर व्हय."

नव्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला तिनं मला नेलं. सगळ्यांसमोर असते ती, कुणीही बसावं. तिच्याकडून दुसरं कुणी येणार नव्हतं. आईला बसवत नव्हतं. मी मागच्या रांगेत बसले. पंखा बंद होता. सर आले होते, निवृत्त झाले तरी मार्गदर्शक तेच. वाळले होते. बाहेरगावचा परीक्षक तरुण होता, तिच्यापेक्षा बराच लहान. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण मधेच तो मराठीवर आला, तेव्हा मी कान दिला.

"यात तर बरंच परत येतंय. ही जुळवणी कसली?"

"सगळ्यात जास्त बाहेर सोडणारी," ती म्हणाली.

"मुद्दाम कुणी अशी अर्धवट ठेवत नाही."

"म्हणूनच लिहिलं."

मग त्यानं कागद चाळले. "तुमचा एक लेख आधी आला होता. त्यात परत काहीच येत नाही असं दाखवलं होतं. तो मागं का घेतला?"

सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ही काहीतरी गोल बोलेल. पोटासाठी माणूस बोलतो.

"माकडहाडापासून चुकलं होतं ते," ती म्हणाली. मुळातूनच म्हणायचं होतं, करमाडचं बोलणं तोंडातून गेलं; ते तिच्या लक्षात आलं, तिनं नीट सांगितलं. "मोजमाप बरोबर होतं. त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. सरांनी आकडे तपासले होते, ते बरोबरच होते. बाहेर किती जातं ते बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

परीक्षकानं पेन खाली ठेवलं. आणखी बरंच विचारलं, पण आवाज बदलला होता. शिकवणाऱ्याला विचारतात तसं विचारत होता. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, परत बोलावलं आणि पदवी मिळाल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. सर उठून तिच्याकडं आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आम्ही दोघी बाहेर पायऱ्यांवर बसलो. मी विचारलं, "आता कॉलेजात परत घेतील का?"

"तिथं माणूस भरला मावशी."

"शेंद्र्याला पगार वाढवतील?"

"त्यांना डॉक्टरकीचं काय करायचंय? त्यांना पट्ट्या तपासून पाहिजेत." ती बाटलीतलं पाणी प्यायली, बाटली मला दिली. "तुम्हाला काय कळलं, ते सांगा. दोन तास बसलात."

"मला काय कळायचंय. एवढंच कळलं, की एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर तू 'माझं चुकलं' म्हणालीस, अन् कुणी तुला हाकललं नाय."

ती बाटलीचं झाकण लावत हसली. "हाकलून झालं होतं की मावशी, आधीच."

मग उठून ती रिक्षा बघायला गेली.